गृहचर्चा : पडद्यावरचा वैद्य

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका वाचकभगिनीनें असें विचारलें आहे कीं, मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या डॉक्टर भेटत असतां म्हाताऱ्या माणसांना रिक्षांत घालून दवाखान्यांत नेण्याचा खटाटोप आतां कशाला करावयाचा? प्रश्न साधा आहे, आणि त्याचें उत्तरही आम्हीं दोन ओळींत दिलें असतें. परंतु त्याच सुमारास आमच्या घरीं एक प्रसंग घडला व लेखणी अडखळली. तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सांगण्यास काकूंची परवानगी घेतली आहे; ती कां घ्यावी लागली, हें ओघानें येईलच.

आमच्या धाकट्या काकूंस बहात्तरावें वर्ष चालू आहे. रक्तदाबाची एक गोळी आणि गुडघेदुखी याखेरीज त्यांची प्रकृतीविषयीं तक्रार नसते. श्रावणांत त्यांच्या पावलांवर सूज दिसूं लागली आणि जिना चढतांना त्या मध्येंच थांबूं लागल्या. आमचा पुतण्या, म्हणजे थोरल्या बंधूंचा मुलगा, अमेरिकेंत डॉक्टर आहे. त्याचें शिक्षण व परवाना दोन्ही तिकडचींच. रविवारीं सकाळीं त्याच्याशीं बोलणें होतें. त्या रविवारीं सबंध घर दिवाणखान्यांत जमलें, काकूंना मध्यें खुर्चीवर बसविलें, आणि परीक्षा सुरू झाली.

सूज किती दिवस आहे, रात्रीं उशाखालीं किती उशा लागतात, लघवी कमी होते काय, असें त्यानें विचारलें. बरींचशीं उत्तरें काकूंच्या आधीं आम्हींच दिलीं. "काकूआजी, औषधें कोणतीं घेतेस?" या प्रश्नावर मात्र त्या चटकन् म्हणाल्या, "रक्तदाबाची गोळी, दुसरें कांहीं नाहीं रे." मग त्यानें आमच्या सौभाग्यवतींस नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरावयास सांगितलें. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तो पाहतांच त्यानें सांगितलें कीं, आजच्या आज दवाखान्यांत न्या. औषधाचें नांव मी सांगणार नाहीं.

थोरल्या बंधूंस राग आला. एवढें शिकून घरच्या माणसास एक गोळी सांगतां येऊं नये, याचें त्यांना वाईट वाटलें. त्यावर तो इतकेंच म्हणाला, "बाबा, काकूआजीची छाती मला इथून ऐकूं येत नाहीं." आणि सौभाग्यवती व काकू यांखेरीज सर्वांनीं खोलीबाहेर जावें, अशी त्यानें विनंति केली. विनंति कसली, आज्ञाच ती!

दहा मिनिटांनीं दार उघडलें तेव्हां कळलें कीं, काकू चार महिने दिवसांतून दोन वेळां वेदनाशामक गोळ्या घेत होत्या. भजनी मंडळांतील एका मैत्रिणीनें स्वतःच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचें छायाचित्र त्यांना पाठविलें होतें. गोळ्या त्यावरून आणविल्या. घरांत सांगितलें असतें तर "गुडघ्यांचें एवढें काय मोठें" असें कोणी तरी म्हणेल, म्हणून सांगितलें नाहीं. या जातीच्या गोळ्यांनीं शरीरांत मीठ व पाणी सांठतें, मूत्रपिंडांवर ताण येतो, हृदय आधींच थकलेलें असेल तर तें अधिक थकतें, आणि रक्तदाबाच्या औषधाचा गुणही उणावतो. दवाखान्यांत तपासणी झाली, त्या गोळ्या बंद झाल्या, दुसरीं औषधें सुरू झालीं. काकू आतां बऱ्या आहेत.

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायांत रोग्याच्या परीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आजच्या डॉक्टरांचें शास्त्र निराळें, उपकरणें निराळीं. तथापि रोग्याजवळ बसल्यावर वाटा ह्याच. पडद्यावर यांपैकीं स्पर्शन तर गेलेंच. दर्शन अर्धें उरतें, कारण डोळ्यांचा पिवळेपणा काविळीचा कीं खोलींतल्या दिव्याचा, हें पडद्यावरून ओळखणें कठीण. प्रश्न तेवढा शाबूत राहतो असें आपण समजतों. पण आमच्या घरीं नासला तो प्रश्नच! अंगठ्याचें काम दुसऱ्याच्या अंगठ्यानें भागलें; मोकळेपणानें बोलण्याचें काम मात्र अकरा माणसांच्या घोळक्यांत भागलें नाहीं.

दूर बसून औषध देणें हें आजचें नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं कलकत्त्यास असतांना त्यांचें डोकें दुखे, बारीक ताप येई, धाप लागे. तेव्हां न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंनीं तिकडून औषधें धाडलीं होतीं. माया खरी होती, पण गुण आला नाहीं. पुढें १८८६ सालीं फिलाडेल्फियास आनंदीबाई स्वतः डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास निवर्तल्या. टपालाच्या जागीं आज वीज आली. औषध क्षणांत सांगतां येतें, एवढाच फरक. आणि तो फरक लहान नाहीं, कारण चूकही क्षणांतच होते.

आपल्याकडे यासंबंधीं नियम नव्हते. ते २५ मार्च २०२० रोजीं, साथीच्या ऐन आरंभीं, निघाले. त्यांप्रमाणें येथील नोंदवहींत नांव असलेल्या डॉक्टरासच दुरून रोगी पाहतां येतो. त्यानें आपलें नांव व नोंदणीक्रमांक द्यावयाचा, रोग्यानेंही नांव-वय लपवावयाचें नाहीं. मूल असेल तर मोठें माणूस जवळ हवें. साधीं औषधें कशाहीवरून सांगतां येतात, कांहींसाठीं पहिल्या वेळीं तोंड दिसलेंच पाहिजे, आणि गुंगीचीं वगैरे कांहीं औषधें दुरून लिहूंच नयेत असें आहे. दुरून निभणार नाहीं असें वाटल्यास "समक्ष या" म्हणण्याचा डॉक्टरास पूर्ण अधिकार आहे. आमच्या पुतण्याचें नांव येथील नोंदवहींत नाहीं. म्हणजे ज्यास आम्ही कोरडेपणा समजलों तो त्याचा धर्म होता. बंधूंस हें वाचून दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसला व विषय बदलला.

याच नियमांत असेंही आहे कीं, कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें रोग्यास सल्ला देऊं नये वा औषध लिहूं नये. डॉक्टरास साह्य करावें, इतकेंच. त्यानंतर हीं यंत्रें भलतींच बोलकीं झालीं, आणि आमच्या घरचीं मुलें रात्रीं बारा वाजतां त्यांना छातींत कां दुखतें हें विचारतात. यंत्र आर्जवानें उत्तर देतें. चुकलें तर जाब कोणास विचारावयाचा, हें त्या उत्तरांत नसतें.

एकाची चिठ्ठी दुसऱ्यानें वापरण्याचा अनर्थ २०२१ च्या उन्हाळ्यांत सर्वांनीं पाहिला. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानें कोविडचे कांहीं रोगी वांचतात, असें ऑक्सफर्डच्या मोठ्या प्रयोगानें २०२० च्या जूनमध्यें दाखविलें होतें. पण कोणते रोगी? ज्यांना प्राणवायु लावावा लागला ते. ज्यांना तो लागला नाहीं त्यांना लाभ दिसला नव्हता. बातमीचा पहिला अर्धा भाग घरोघर पोंचला, दुसरा वाटेंत गळला. चिठ्ठ्यांचीं छायाचित्रें या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेलीं, मधुमेही माणसांनीं गरज नसतां तें औषध घेतलें, साखर चढली, आणि काळ्या बुरशीनें कित्येकांचे डोळे घेतले. पुढें पाठविणाऱ्यांपैकीं एकाचाही हेतु वाईट नव्हता. म्हणूनच त्याचा बंदोबस्त कठीण.

हें सर्व लिहिलें म्हणून पडदा बंद करा असें आमचें म्हणणें नाहीं. सरकारची 'ई-संजीवनी' २०१९ सालीं सुरू झाली. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावरून दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते. तींत एक सोय फार शहाणपणाची आहे. खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत शिकलेला आरोग्यसेवक रोग्याशेजारीं बसतो, रक्तदाब मोजतो, आणि पलीकडे डॉक्टर असतो. स्पर्शनाची उणीव अशी थोडीबहुत भरून निघते. शिवाय कांहीं प्रश्न तोंडावर विचारण्याची सोयच नसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. घरांत ज्या गोष्टींचा उच्चार होत नसे त्यांविषयीं वाचक त्यांना विचारीत आणि ते छापून उत्तर देत. त्याबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला व त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आजची लाजरी मुलगी तेच प्रश्न पडद्याला विचारते. तिला तेथें कर्व्यांसारखा माणूस भेटतो कीं पुड्या विकणारा, एवढाच प्रश्न. मधुमेह, कर्करोग असे रोग बरे करतों अशी जाहिरात करणें १९५४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण जाहिरात जेव्हां सल्ल्याचा वेष घेऊन येते तेव्हां ती ओळखावी कशी? लिहिणाऱ्याचें नांव व पदवी दिली आहे काय, लेखाखालींच औषध विकावयास ठेवलें आहे काय, एवढें तरी पाहावें.

आतां परवानगीची गोष्ट. दवाखान्यांतून काकूंचे तपासणीचे कागद मिळाले, ते आम्हीं कौतुकानें कुटुंबाच्या व्हॉट्सॲप मंडळावर टाकले. त्या मंडळांत शेहेचाळीस माणसें आहेत. तासाभरांत नागपूरहून अर्जुनाची साल आली, बडोद्याहून उपास आला, आणि ज्यांना आम्ही नीटसें ओळखतही नाहीं अशा एका व्याह्यांनीं मूत्रपिंडांचे आंकडे वाचून हळहळ व्यक्त केली. संध्याकाळीं काकूंनीं आम्हांस हांक मारली. "अरे, माझें शरीर म्हणजे काय पंचांग आहे, ज्यानें त्यानें उघडून बघावें?" आम्हीं तत्काळ कागद काढून टाकले, पण पाहावयाचें त्यांनीं पाहिलेंच होतें.

चरकाच्या विमानस्थानांत, आठव्या अध्यायांत, शिष्याला दीक्षा देतांना सांगितलें आहे कीं, रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर नेऊं नयेत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं संसदेनें कायदा केला; परंतु कोणी घरगुती कारणासाठीं माहिती वापरली तर तें त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. डॉक्टराला चरक बांधतो, कंपनीला कायदा बांधतो, आणि पुतण्याला कोणीच नाहीं! काकूंची आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं ती दिली. पण दोन दिवस आमच्याशीं जेवढ्यास तेवढें बोलत होत्या.

तेव्हां वाचकभगिनीस आमचें उत्तर असें : दुखणें नवें असेल, धाप, सूज, छातींत दुखणें असें कांहीं असेल, तर रिक्षा बोलवावी. निदान झालें आहे, डॉक्टरांनीं एकदां समक्ष पाहिलें आहे, औषध तेंच चालू ठेवावयाचें कीं कमी करावयाचें इतकेंच विचारावयाचें आहे, तर पडदा सोयीचा. सगळ्या औषधांचीं वेष्टणें एका डब्यांत घालून तो डबा पडद्यापुढें धरावा. आणि बाकीच्यांनीं खोलीबाहेर बसावें.

आमच्याकडे आतां महिन्यांतून एकदां गुरुवारीं दुपारीं काकू माजघरांत दार लोटून आपल्या डॉक्टरांशीं बोलतात. हे डॉक्टर पेठेंतलेच, समक्ष तपासलेले. मोबाइल कसा लावावयाचा तें त्या नातीकडून शिकल्या आहेत. गेल्या खेपेस आंतून हंसण्याचा आवाज आला. काय बोलणें झालें, तें आम्हीं विचारलेलें नाहीं.