लाल बटण आधी दाखवा

मी ज्या भात गिरण्यांचे संगणक बघतो, तिथे नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हलर चालवायला कुणी शिकवत नाही. आधी त्याला स्टार्टरपाशी उभा करतात आणि लाल बटण दाखवतात. "पट्ट्यात काही अडकलं, आवाज बदलला, की पहिलं हे दाबायचं. बाकीचं मग." हिरवं बटण काय, कुणालाही सापडतं. तूस कसं निघतं, कोंडा कुठे जातो, कणी किती पडू द्यायची, हे शिकायला पुढचा अख्खा हंगाम असतो.

घोटीच्या अशाच एका गिरणीच्या ऑफिसातून ऐन हंगामात मला फोन आला. शेठचा पुतण्या नाशिकला डिप्लोमा करतो, सुट्टीला आला होता. त्याचा एक पेनड्राइव्ह बिघडला होता. १६ जीबीचा, पण विंडोज त्याची जेमतेम काही एमबी जागा दाखवत होतं. लिनक्सची इन्स्टॉलेशन फाइल पेनड्राइव्हवर चढवली की हे बऱ्याचदा होतं. मित्राने त्याला विंडोजच्या डिस्कपार्ट या डिस्क हाताळायच्या साधनाच्या सात ओळी उतरवून दिल्या होत्या: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क १, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट, असाइन. मित्राच्या मशीनवर पेनड्राइव्ह हा डिस्क १ होता. गिरणीच्या मशीनवर डिस्क १ म्हणजे बॅकअपची हार्ड डिस्क होती, तीन हंगामांची बिलं असलेली. पोराने चौथी ओळ टाकली, एंटर मारला. एका सेकंदात उत्तर आलं की डिस्क यशस्वीपणे क्लीन झाली. मग बॅकअपचा ड्राइव्ह खिडकीतून गायब झाला आणि नशिबाने पोरगा पाचव्या ओळीआधी थांबला.

मी पोचलो तेव्हा तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, "भाऊ, पण सक्सेस आलं होतं ना!"

बिलं वाचली. नुसत्या क्लीनने पार्टिशनची नोंद जाते, आतला सगळा डेटा पुसला जात नाही. तो पुसतो ‘क्लीन ऑल’. टेस्टडिस्क नावाचं फुकट साधन रात्रभर चालवलं, जुनं पार्टिशन सापडलं, आतल्या फायली डोळ्यांनी पाहिल्या आणि मगच ते टेबल परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी ही हकिकत जिथे जिथे सांगितली, तिथे लोकांनी पोरालाच दोष दिला. तो मला मान्य नाही. दोष त्या सात ओळींचा होता. आणि त्या सात ओळी लोक एकमेकांना उतरवून देतात, कारण डिस्कपार्टच्या अधिकृत पानांवर लाल बटण आधी दाखवलेलं नसतं. त्या पानांच्या बाजूने जे बोललं जातं, ते एकेक करून तपासू.

पहिला पक्ष जुना आहे: ज्याला कळत नाही त्याने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीला हात लावू नये, माउसने करावं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मशीन सुरू करणाऱ्या ईएफआय पार्टिशनवर राइट क्लिक करून पाहा, ते डिलीट करू देत नाही. जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसरीकडे वापरायची, किंवा असा आकसलेला पेनड्राइव्ह सरळ करायचा, तर माणूस बऱ्याचदा शेवटी डिस्कपार्टच्या दारातच येतो. तो हौसेने येत नाही, बाकीची दारं बंद असतात म्हणून येतो.

आणि ‘कळणारे’ तरी सुरक्षित असतात का? लिनक्सवर एफडिस्क वापरणाऱ्याच्या हाताला एक सवय लागलेली असते. काहीही बदल करा, जोवर ‘डब्ल्यू’ दाबत नाही तोवर डिस्कवर काही लिहिलं जात नाही. घाबरलात तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडा. तोच माणूस पार्टेड उघडतो. तिथे पार्टिशन डिलीट केलं की ते त्याच क्षणी गेलं. एसजीडिस्क तर जाणत्यांचं साधन. त्यात एका डिस्कचं पार्टिशन टेबल दुसरीवर उतरवायचा ‘आर’ नावाचा पर्याय आहे. फाइल कॉपी करताना आपण मूळ आधी आणि नक्कल नंतर लिहितो. इथे ‘आर’ला चिकटून येते ती जिच्यावर लिहायचं ती डिस्क, आणि शेवटी येते ती मूळ. जुन्या सवयीने लिहिलंत तर कोऱ्या डिस्कचं रिकामं टेबल भरलेल्या डिस्कवर जाऊन बसतं. मॅन्युअलमधलं वाक्य अचूक आहे, त्यात खोट नाही. पण रात्री दोन वाजता सर्व्हरची डिस्क बदलणाऱ्याच्या हाताला अचूक वाक्य पुरत नाही. ‘भरलेली ही, कोरी ही’ असं नाव घालून दाखवलेलं उदाहरण लागतं. म्हणजे अज्ञान हा मुद्दाच नाही. ज्ञानी माणूसही एका साधनाची सवय दुसऱ्यात घेऊन जातो, आणि पानाने त्याला दारातच अडवलं पाहिजे.

दुसरा पक्ष जास्त भारदस्त आहे: मॅन्युअल हा संदर्भग्रंथ आहे, शिकवणी नव्हे. कोशाकडून कुणी गोष्टीची अपेक्षा करतं का? यातलं निम्मं मला मान्य आहे. संदर्भाचं पान आटोपशीरच असावं, प्रत्येक पर्याय एकदा आणि नेमका. पण ही परंपरा सांगणाऱ्यांनी ती पुरती सांगावी. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं आहे, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या काळातलं. त्या आटोपशीर पानांवरही ‘बग्ज’ नावाचा मथळा होता. आपल्या साधनात कुठे खोट आहे, ते करणाऱ्यानेच त्याखाली लिहून ठेवलं होतं. थोडक्यात लिहिणं आणि धोका झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळत होतं. संदर्भाचं पान राहू द्या. त्याच्या शेजारी कामाचं पान हवं, एवढंच म्हणणं आहे. ते नसलं की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे सात ओळींची चिठ्ठी येऊन बसते.

तिसरा पक्ष साधनालाच धारेवर धरतो: साधनाने ‘नक्की?’ असं विचारावं, मग कागदांची गरजच काय? विचारता आलं असतं तर बरंच झालं असतं. पण डिस्कपार्ट काय, पार्टेड काय, ही साधनं माणसासाठी जेवढी आहेत तेवढीच स्क्रिप्टसाठीही आहेत. शंभर मशीनवर रात्री आपोआप विंडोज चढवायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी ‘हो’ म्हणायला कोण बसणार? म्हणून डिस्कपार्ट क्लीनपूर्वी काही विचारत नाही, आणि त्याला कारण आहे. पण याचा निष्कर्ष उलटा निघतो. साधन गप्प बसणार हे ठरलेलं असेल, तर बोलण्याची सगळी जबाबदारी पानावर येते. मुक्या बैलाला घुंगरू जास्त लागतात.

चौथा पक्ष हल्लीचा: वाचतो कोण? लोक व्हिडिओ बघतात, नाहीतर एआयला विचारतात. गिरणीतली घटना पुन्हा पाहा. त्या पोराने वाचलं. सातही ओळी वाचल्या, आणि चौथीपर्यंत जसं लिहिलंय तसं अक्षर न अक्षर केलं. तो वाचत नव्हता ही अडचण नव्हती. चुकीचं लिहिलेलं त्याने इमानाने वाचलं, ही होती. व्हिडिओतल्या माणसाचा डिस्क १ हा त्याच्या टेबलावरचा असतो. एआय आज्ञा झरझर लिहून देतो, पण तुमच्या मशीनला कुठली वायर लागली आहे हे त्याला दिसत नाही. शिवाय तो जे शिकला ते याच पानांतून आणि चिठ्ठ्यांतून. विहिरीत खारट तर पोहऱ्यात गोड कुठून येणार?

पाचवा पक्ष आपल्या घरचा आहे: असं कामाचं पान मराठीत कशाला? मराठी शब्दच नाहीत, आणि केले तर हसू येतं. हसू येतं हे खरं आहे. १९६२ साली शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवलं गेलं होतं. डिस्कला चकती आणि पार्टिशनला विभाजनखंड म्हणायचा आग्रह धरलात तर घोटीच्या बाजारपेठेत तुमचं पान भजी बांधायला जाईल. पण डिस्कला दुसरा शब्द मागतंय कोण? डिस्क, पार्टिशन, फॉरमॅट, बॅकअप हे शब्द गिरणीवालासुद्धा वापरतो. अडतं ते जे शब्द कळल्यासारखे वाटतात आणि कळलेले नसतात, तिथे.

‘क्लीन’च घ्या. "पीसी क्लीन करून द्या" असं गिऱ्हाईक मला म्हणतं, तेव्हा त्याला पंख्यातली धूळ काढून हवी असते, फार तर व्हायरस. साफ करणं म्हणजे घाण जाते आणि वस्तू राहते. डिस्कपार्टच्या क्लीनमध्ये उलट होतं. मग तिथे मराठीत ‘साफ करणे’ लिहिणं म्हणजे फसवणूकच. ‘पुसणे’ लिहा, ‘उडवणे’ लिहा, लोक तसंच बोलतात. दुसरा शब्द ‘ऑफलाइन’. डिस्कच्या यादीत तो दिसला की लोक राउटर बंद करून चालू करतात. त्या शब्दाचा नेटशी संबंध नाही; विंडोजने ती डिस्क बाजूला ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ ही खिडकी. भरलेली डिस्क नीट वाचता आली नाही तरी ती येते, आणि खाली फॉरमॅटचं बटण हात जोडून उभं असतं. भाषांतर शब्दाला शब्द ठेवून होत असेल तर ही तिन्ही ठिकाणं तशीच राहतील. म्हणून मराठी पान मराठीतच विचार करून लिहायला हवं.

आणि कृती लिहिण्याची परंपरा मराठीत नाही, हेही खोटं. दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर, कागद, शाई यांचा तो सविस्तर विचार करतो. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि ‘अंदाजाने मीठ’ म्हणणाऱ्या घरांत वाटी-चमच्याचं माप गेलं. ज्या सासूला सगळं येत होतं तिच्यासाठी काही ते पुस्तक नव्हतं. नव्या घरात पहिल्यांदा गॅसपुढे उभ्या राहिलेल्या मुलीसाठी होतं. "जिला येत नाही तिने हात लावू नये" असं त्या पुस्तकाने म्हटलं असतं तर?

खंडन इतकं पुरे. आता माझं म्हणणं. डिस्क पुसणाऱ्या कुठल्याही आज्ञेचं पान हाताच्या क्रमाने लिहावं: आधी ओळख, मग परतीची वाट, आणि मग आज्ञा. आज बहुतेक ठिकाणी आज्ञा वर असते आणि ‘बॅकअप घ्या’ ही ओळ तळाला, तेरावं घातल्यासारखी.

ओळख म्हणजे नंबर नव्हे. नंबर हा त्या क्षणापुरता असतो. वायरी बदलल्या, मशीन पुन्हा चालू केलं, की डिस्क १ ची डिस्क २ होते. लिनक्सवरही एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात, म्हणून तिथे डिस्कच्या मॉडेल आणि सीरियल नंबरवरून बनलेली वेगळी नावं दिलेली असतात. डिस्कपार्टची यादी आकडा, आकार आणि स्थिती दाखवते, डिस्कचं मॉडेल दाखवत नाही. त्यासाठी ‘डिटेल डिस्क’ लिहावं लागतं. आकारही लोकांना फसवतो, कारण खोक्यावर ५०० जीबी असतं आणि यादीत ४६५ दिसतं. डिस्क चोरीची नाही, मोजायची रीत वेगळी आहे, एवढं एक वाक्य पानावर हवं.

परतीची वाट म्हणजे आज्ञेच्या आधीची तयारी आणि चुकल्यानंतरची पहिली पाच मिनिटं. लिनक्सवर एसएफडिस्कने पार्टिशन टेबल एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवता येतं, एक ओळ आणि एक सेकंद. चुकल्यावर काय करायचं नाही, ते त्याहून महत्त्वाचं: त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका, पार्टिशन करू नका, फॉरमॅट तर नाहीच. एसएसडी फॉरमॅट झाली तर ट्रिममुळे जुना डेटा बहुधा परत येत नाही. पोरगा वाचला तो पाचव्या ओळीआधी थांबला म्हणून, पण ‘इथे थांब’ हे त्याला कुठल्याही कागदाने सांगितलं नव्हतं.

नुसतं बोलून काय होणार, म्हणून मी त्या गिरणीसाठी एक पान लिहिलं. जी डिस्क पुसायची नाही तिची वायर आधी काढा. पेनड्राइव्ह न लावता यादी बघा, लावून पुन्हा बघा, जो आकडा नव्याने आला तोच तुमचा. सिलेक्ट केल्यावर ‘डिटेल डिस्क’ लिहून कंपनीचं नाव मोठ्याने वाचा. जुळलं नाही तर ‘एक्झिट’. क्लीन म्हणजे साफसफाई नव्हे, सगळं उडतं आणि साधन काही विचारत नाही. चुकलात तर हात वर करा, काही दाबू नका, फोन करा. खाली माझा नंबर. मग सगळ्यांत शेवटी, सात ओळी.

प्रिंट काढून मी ते पोराच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाच, चुका काढ. त्याने दोनदा वाचलं. मग पेन घेतलं आणि तळाच्या सात ओळींतल्या तिसऱ्या ओळीवर गोल केला. तिथे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: सिलेक्ट डिस्क २.

"भाऊ, हा आकडा कुणाचा?" त्याने विचारलं, आणि तो खोडून वर लिहिलं, ‘तुमचा आकडा’.