द्राक्षभूमींत एक दिवस

एकत्र कुटुंबांत सहलीचा बेत करणें हें लग्नकार्याचा बेत करण्याहून फारसें सोपें नाहीं. कोणास देवदर्शन हवें असतें, कोणास मोकळी हवा. मुलांस पाणी दिसलें म्हणजे पुरे. आणि वडील माणसांची अपेक्षा वेळेवर जेवण व दुपारीं घटकाभर पडावयास जागा एवढीच असते. त्यांतून सहल जर नाशिककडील वाइनच्या मळ्यांची असेल, तर आमच्यासारख्या घरांत बेताआधींच मौन सुरू होतें. या मौनाचा परिणाम काय होतो हें आम्हीं अनुभविलें आहे, म्हणून आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील तरुण मंडळी एके रविवारीं "त्र्यंबकेश्वरास जातों" असें सांगून कल्याणहून निघाली. एका दिवसांत वाइनचीं पांच ठिकाणें पाहावयाचीं असा त्यांचा खरा बेत होता. ती मंडळी परतली तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. थोरल्या वहिनी जाग्याच होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अंगारा आणलात ना?" कोणीं उत्तर दिलें नाहीं. मागाहून कळलें कीं, मोटार चालविणाऱ्या आमच्या पुतण्यानेंहि प्रत्येक ठिकाणीं 'घोटभरच' घेतली होती, आणि कसारा घाटाच्या तोंडाशीं त्याच्या डोळ्यांवर झापड येऊं लागल्यामुळें सर्वजण दोन तास रस्त्याच्या कडेस थांबले होते. मोटारींत चार वर्षांचें एक मूलहि होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, मात्र त्या दिवसापासून मुलें बाहेर निघालीं म्हणजे "कोठें जातां?" असें विचारणें त्यांनीं सोडून दिलें. वडील माणसानें रागावणें परवडतें. त्यानें विचारणेंच सोडणें परवडत नाहीं.

यंदा थंडीच्या दिवसांत तोच पुतण्या येऊन म्हणाला, "काका, पुन्हां जावयाचें आहे, पण या खेपेस सांगून, आणि सर्वांना घेऊन." आम्हांस त्याचें हें बोलणें आवडलें. रात्रीं जेवणें झाल्यावर सगळे बसलों. वहिनींनीं सरळच विचारलें, "भाऊजी, दारूच्या कारखान्यांत आम्ही बायकामाणसांनीं काय पाहावयाचें?"

प्रश्न रास्त होता. द्राक्षास संस्कृतांत मृद्वीका असेंहि म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मृद्वीकेच्या रसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें तें जेथें होई त्या देशांवरून दिलीं आहेत. 'कापिशायन' हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीचें सूत्रच आहे. ती कापिशी नगरी आजच्या अफगाणिस्थानांतली. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे सैनिक पारसीकांच्या देशांत, द्राक्षांच्या मळ्यांत बसून, मद्यानें आपला शीण घालवितात. अमुक भूमीचें अमुक मद्य ही कल्पना इतकी जुनी आहे. आज 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवाची भौगोलिक निर्देशांकाच्या सरकारी दप्तरांत नोंद आहे, ती याच तत्त्वावर. यावरून मद्य प्यावें असें निघत नाहीं. स्मृतिकारांनीं सुरापान महापातकांत गणलें आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. पण जें पिऊं नये तें कसें होतें हें जाणूंहि नये, असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय वेल लावणें, राखणें व फळ उतरविणें ही सारी शेतीच आहे.

वहिनींनीं घटकाभर विचार करून तीन अटी घातल्या. मोटार चालविणारानें थेंबहि घेऊं नये; मुलांस चाखण्याच्या दालनांत नेऊं नये; आणि घरीं बाटली आणूं नये. त्या मान्य झाल्यावर पुढील बेत अर्ध्या घटकेंत ठरला. ज्यांस असा बेत करावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठीं तो येथें देतों.

पहिला विचार ऋतूचा. युरोपांत थंडीमध्यें द्राक्षवेल निष्पर्ण होऊन झोंपी जातो. आपल्याकडे त्यास तशी झोंप मिळत नाहीं, म्हणून वर्षांतून दोनदां छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ती पुढें फळ धरणारी काडी तयार व्हावी म्हणून. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांतील छाटणी प्रत्यक्ष फळासाठीं. त्या फळाची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत चालते. एप्रिलांत जाणारास छाटलेले वेल दिसतील. घड पाहावयाचे तर फेब्रुवारी उत्तम. जानेवारीची २६ तारीख सुटी म्हणून अनेकांच्या मनांत भरते. परंतु त्या दिवशीं, तसेंच ३० तारखेस, राज्यांत मद्यविक्री बंद असते, हें ध्यानांत ठेवावें. रविवारची गर्दी टाळतां आली तर अवश्य टाळावी.

दुसरा विचार दिशेचा. हे मळे व कारखाने एका जागीं नाहींत. कांहीं नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाजवळ, कांहीं उत्तरेस दिंडोरीकडे, कांहीं पूर्वेस निफाड तालुक्यांत विंचूरकडे, तर कांहीं इगतपुरीच्या बाजूस सांजेगांवाजवळ आहेत. एका दिवसांत दोन दिशा धरल्या कीं दिवस मोटारींतच जातो. आम्हीं गंगापूरची दिशा धरली व तेथील एकच कारखाना निवडून वेळ आधीं कळवून ठेविली. पुण्याकडील वाचकांस नाशिक दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर पडतें. त्यांनीं एका रात्रीचा मुक्काम धरणें बरें.

आम्ही एका गुरुवारीं पहाटे पांचाला निघालों. घोटीवरून त्र्यंबकेश्वर गांठून प्रथम दर्शन घेतलें, आणि अकराच्या सुमारास मळ्यांत पोंचलों. खाण्याचीं द्राक्षें मांडवावर चढविलेलीं आपण पाहतों; येथें तारांच्या आधारें उभ्या केलेल्या वेलांच्या ओळी होत्या. घड लहान, मणी बारीक, साल जाड, आंत बी, आणि गोडी मात्र पुष्कळ. मुलांनीं वेलावरचें फळ तोंडांत घालूं नये, कारण त्यावर औषधाचा फवारा असण्याचा संभव असतो, हें आधींच बजाविलें होतें.

कारखान्यांतील मार्गदर्शकानें सांगितलें कीं, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीनच असतो. सालीसकट आंबविला म्हणजे तांबडी वाइन होते; साली आधींच वेगळ्या केल्या म्हणजे पांढरी. पोलादाच्या उंच टाक्यांपाशीं वहिनी थांबल्या व म्हणाल्या, "म्हणजे आमच्या इडलीच्या पिठासारखेंच कीं हें! तें फुगतें तसें हें फसफसत असणार." मार्गदर्शक खूष झाला. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव रसांतील साखर खातात व तिचें अल्कोहोल आणि कार्बन डायॉक्साइड वायु करतात. त्यामुळें उष्णताहि वाढते, आणि ती फार वाढली तर वास व चव बिघडते, म्हणून टाक्या थंड ठेवाव्या लागतात, असें त्यानें समजाविलें. "आणि साखर संपली म्हणजे?" वहिनींनीं विचारलें. "मग काम थांबतें, आजी, आणि वाइन गोड लागत नाहीं." पांच ठिकाणें फिरून आलेल्या आमच्या पुतण्यास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें, हें त्यानें स्वतःच कबूल केलें.

चाखण्याच्या वेळीं ज्या दोघांस इच्छा होती ते दालनांत गेले. राज्यांत यासाठीं परवाना लागतो. तो एका दिवसाचाहि मिळतो. वाइनमध्यें अल्कोहोल साधारणतः शेंकडा १२ ते १४ असतें, आणि घोट लहान असले तरी त्यांची बेरीज होतेच. खरे पारखी तोंडांतला घोट चव घेऊन पात्रांत टाकून देतात. तेवढ्या वेळांत पुतण्या मुलांना घेऊन बाहेर सावलींत बसला होता. पुढें धरणाच्या बाजूस एका झाडाखालीं दशम्या, चटणी व दहींभात असें जेवण झालें. वहिनी तासभर पडल्या. आणि साडेतीनला निघाल्यामुळें घाट उजेडांत उतरलों.

रात्रीं आठाच्या आंत घरीं आलों. वहिनींनीं पिशवींतून अंगाऱ्याची पुडी काढली व पहिलें बोट पुतण्याच्या कपाळीं लावलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कामावर निघाला असतां स्वयंपाकघरांतून त्यांचा आवाज आला, "कोठें निघालास रे? यावयास उशीर होईल का?" पुतण्या जोडे काढून परत आंत गेला, आणि जाण्याचें ठिकाण व परतण्याची वेळ नीट सांगून मगच बाहेर पडला.