उलट वाचायची पुस्तिका

१९५७ साली इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक लहानशी, उघडी, दोन माणसांची मोटार बाजारात आणली. ती सुट्या भागांच्या रूपातही विकत घेता येई. भाग घेऊन घरी जोडणाऱ्यास त्या काळचा खरेदीकर लागत नसे. कारण कर तयार मोटारीवर होता, तिच्या भागांवर नव्हता. मात्र भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्यास सवलत जाण्याचा धोका होता. यावर चॅपमन यांनी काढलेला तोडगा मोटारशौकिनांत आजही सांगितला जातो. त्यांनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली. ग्राहकाने ती शेवटाकडून आरंभाकडे वाचायची.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या तोडग्याची गंमत वाटेल. पण त्याच्या मागे उभा असलेला प्रश्न गमतीचा नाही. भाग दुसऱ्याने घडवलेले, आराखडा दुसऱ्याने आखलेला, जोडणारे हात तेवढे आपले. अशा वस्तूचा कर्ता कोणाला म्हणायचे? संहितेच्या बाबतीत आपण हे पुष्कळदा विचारले आहे. रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला, तेव्हापासून तर हा प्रश्न वर्गावर्गांतून नेमाने मांडला जातो आणि बहुधा उत्तराविनाच सोडून दिला जातो. ब्रिटनच्या परिवहन खात्याला मात्र तो सोडून देता आला नाही. घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणायची तर तिला क्रमांक द्यावा लागतो; आणि क्रमांक द्यायचा तर ही वस्तू काय आहे, तिचे वय किती आणि तिची जबाबदारी कोणाची, हे कागदावर लिहावे लागते. तो कागद आम्हांस साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे तो का नाही, हेही विचारण्याजोगे आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. किट कारमध्ये एखादा लहान उत्पादक गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, आणि फायबरचा वा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बाह्यभाग पुरवतो. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग हे भाग बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढले जातात. १९७३ साली ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम कंपनीस दिले. हिशेबाने पाहता हा उद्योग तेव्हाच मावळायला हवा होता. तो मावळला नाही. अर्थात लोक गाड्या बांधत होते ते निव्वळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे, हे त्या वर्षानंतर उघड झाले.

१९९६ साली या छंदाला एका पुस्तकाने नवे वळण दिले. रॉन चॅम्पियन यांच्या त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा, की अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. येथे किटही नव्हते. होती ती केवळ संहिता. वाचकाने चौकोनी पोलादी नळ्या मापाने कापायच्या, वेल्डिंगने जोडायच्या, आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यांत बसवायचे. पुस्तकातल्या काही मापांत चुका होत्या. त्या कोणा समीक्षकाने दाखवल्या नाहीत. गॅरेजमध्ये एक नळी दुसरीला जुळेना, तेव्हा त्या आपोआप दिसल्या. मग बांधणाऱ्यांनी शुद्धिपत्रके तयार केली, ती एकमेकांस पुरवली, मूळ आराखडे सुधारून नवे काढले. अंगाने थोराड असलेल्याने सांगाडा रुंद केला. कोणी मोटारीऐवजी मोटारसायकलचे इंजिन बसवले. २००७ साली ख्रिस गिब्ज यांनी फोर्ड सिएराचे भाग गृहीत धरून त्याच वळणाचे नवे पुस्तक लिहिले. मूळ प्रत, पाठभेद, शुद्ध प्रत, नवे संस्करण ही सारी आपल्या ओळखीची परंपरा येथे पोलादात चाललेली दिसते. फरक एवढाच, की येथे चुकीच्या पाठाचे समर्थन करता येत नाही.

मराठी समीक्षेत क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांचा 'ब्रिकोलर' अधूनमधून भेटतो. १९६२ च्या ग्रंथात त्यांनी त्यास अभियंत्यासमोर उभे केले. अभियंता कामाला हवी ती साधने मागवतो. ब्रिकोलर हाताशी उरलेल्या वस्तूंतून काम भागवतो. आपल्या समीक्षेला हा दुसरा फार प्रिय. जोडाजोड, ठिगळकाम, तुकड्यांची कलाकृती यांचे कौतुक आपण मनसोक्त केले आहे. परंतु त्या ब्रिकोलरने बांधलेल्या गाडीचे ब्रेक लागतात काय, हे आपण कधी विचारले नाही. कवितेत ते विचारण्याची गरज पडत नाही, असा आपला समज असावा.

ब्रिटनमध्ये ते विचारले जाते. १९९८ पासून अशा मोटारींसाठी एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक कसोशीच्या मान्यता-परीक्षेने घेतली. ब्रेक, स्टिअरिंग, आसनपट्ट्यांचे आधार, आरसे, दिव्यांच्या जागा, धूर, आवाज, वेगमापकाची अचूकता अशी ही लांबलचक यादी आहे. तिच्यातले एक कलम आमच्या विशेष लक्षात राहिले. गाडीच्या बाह्यांगावर १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा फिरवायचा. तो जेथे जेथे टेकेल तेथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली हवी. पादचारी गाडीवर आदळला तर त्याला धारदार कड लागू नये, एवढाच यामागचा हेतू. महिनोन्‌महिने खपून गाडी बांधलेला माणूस एखाद्या बोल्टच्या उघड्या डोक्यापायी नापास होऊ शकतो.

ही परीक्षा काय विचारत नाही, हेही पाहावे. गाडी सुंदर आहे काय, मौलिक आहे काय, अमक्या गाडीची नक्कल आहे काय, यात परीक्षक पडत नाही. बांधणाऱ्याची पदवीही तो विचारत नाही. तुमच्या हातची ही वस्तू तुम्हांला न ओळखणाऱ्या माणसाला इजा करील काय, हा त्याचा प्रश्न. आणि दुसरा असा, की ती खरोखर तुमच्या हातची आहे काय. 'हौशी बांधणी' या वर्गात बसायचे तर काम पूर्णतः वा बहुतांशी स्वतः केलेले असावे लागते आणि गाडी स्वतःच्या वापरासाठी असावी लागते. त्याचा पुरावा म्हणून बांधणीच्या टप्प्यांची छायाचित्रे आणि भागांच्या पावत्या ठेवाव्या लागतात.

येथे आम्हांस आमचे वर्ग आठवतात. यंत्राकडून निबंध लिहवून घेणे सोपे झाल्यापासून शिक्षकांपुढे हाच पेच आहे. विद्यार्थ्याने इतरांचे विचार घेतले यात वावगे काही नाही. सारे शिक्षणच तसे चालते. पण ते कोठून घेतले, कसे जोडले, कोठे अडले आणि काय पुन्हा उलगडावे लागले, याचा मागमूस त्याच्यापाशी हवा. आपण तयार निबंधाला गुण देतो आणि कच्चे खर्डे पाहण्याचा कंटाळा करतो. परिवहन खात्याचा निरीक्षक या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणा निघाला.

राहिली ओळख. केवळ नव्या भागांतून जोडलेल्या गाडीस नवा क्रमांक, एकाच जुन्या गाडीचे ठरावीक प्रमुख भाग वापरल्यास तिच्या वयाशी जुळणारा क्रमांक, आणि वय वा कूळ ठरवताच येत नसेल तर १९८३ पासून 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक, अशी तेथील व्यवस्था रुळली. 'क्यू'ची पाटी म्हणजे कुळाबद्दलचे अज्ञान शासनाने प्रांजळपणे मान्य करणे होय. मुळात कारखान्यात बनलेली पण पुढे फार बदललेली गाडी तीच राहिली काय, हे ठरवण्यास तेथे अनेक वर्षे गुणांची एक पद्धत वापरली गेली. मूळ सांगाड्यास ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्ससह गतिवहन आणि स्टिअरिंग यांस प्रत्येकी २. आणि इंजिनास केवळ १. जुनी ओळख टिकवायला मूळ सांगाडा आणि एकूण किमान ८ गुण लागत. आपण ज्याला गाडीचे काळीज म्हणतो त्यास सर्वांत कमी किंमत, हे पाहून प्रथम नवल वाटते. पण एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे याच जातीचा निवाडा होता. पाठ बदलत गेलेल्या ग्रंथात कशाला मूळ म्हणायचे, हे त्यांना ठरवावे लागले. आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. वस्तूची ओळख तिच्या बांधणीत असते, हे दोन्हीकडे दिसते.

या व्यवस्थेचे आम्ही भाबडे कौतुक करीत नाही. परीक्षेपुरत्या रबरी कडा आणि प्लॅस्टिकच्या टोप्या लावायच्या व नंतर काढून टाकायच्या, असे करणारे तेथेही आहेत. नियम पाळण्याचे सोंग सर्वत्र वठवता येते. तरीही सोंग वठवायला आधी दार असावे लागते.

आपल्याकडे ते दार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कठोर अर्थच कायम केला. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवणे, दिव्यांग चालकासाठी गाडी अनुकूल करून घेणे अशा मोजक्या वाटा मोकळ्या आहेत. नवे वाहन आणायचे तर उत्पादकाने त्याचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यायचा. हे सारे कारखान्याच्या हिशेबाने आखलेले आहे. एका माणसाने एकच गाडी बांधली तर तिचे पासिंग कसे व्हावे, याची वेगळी योजना नाही.

याचा अर्थ काय होतो, ते २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने पाहिले. सांगली जिल्ह्यातील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने जुन्या गाड्यांच्या भंगारातून, सुमारे ६०,००० रुपये खर्चून, मुलाच्या हौसेसाठी लहानशी जीप बांधली होती. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होई. आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, असेही सांगितले, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती त्या कुटुंबास मिळाली. देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता आणि कुटुंबाला उपयोगी वाहन मिळाले, याविषयी आम्हांस शंका नाही. पण घडले ते असे: बांधलेली गाडी संग्रहात गेली आणि बांधणारा खरेदी केलेल्या गाडीचा मालक झाला. ओव्या रचणाऱ्या बायकांच्या बाबतीत आपण वेगळे काय केले? त्यांची रचना लोकसाहित्याच्या संग्रहात आदराने ठेवली. त्यांना कवी म्हणून नोंदवले नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. अशा रस्त्यांवर घरगुती गाड्या कशाला? आमचे उत्तर असे, की तपासणी नको असे आम्ही म्हणतच नाही. ती हवी म्हणूनच हा लेख लिहीत आहोत. एका माणसास एक गाडी, स्वतःच्या वापरासाठी. बांधणीची छायाचित्रे आणि पावत्या सक्तीच्या. तपासणी केवळ आज नमुने तपासणाऱ्या संस्थांतच. विक्रीवर काही वर्षे बंदी. इतके अरुंद दार ठेवले तरी त्यातून वर्षाकाठी थोडेच लोक जातील. नापासच अधिक होतील. पण नापास होणाऱ्यास आपली कोणती कड बोचते, हे नेमके कळेल. आज त्याला एक तर टाळ्या मिळतात, नाही तर दंड; चूक कोणीच दाखवत नाही.

नोंदणी हे एक प्रकारचे प्रकाशनच आहे. घरातली वस्तू अनोळखी माणसांत सोडायची आणि तिच्यावर आपले नाव लावायचे, म्हणजे तिच्या कडांची जबाबदारी घ्यायची. सुटे भाग कोणाचेही असोत. ही जबाबदारी जो घेतो त्यालाच आम्ही कर्ता म्हणू. ती घेण्याची संधी त्या कारागिराला आपल्या व्यवस्थेने दिली नाही, एवढेच आमचे गाऱ्हाणे आहे.