घरची भाषा कोणत्या रकान्यात?

(द्वितीय वर्ष, कला)

जनगणनेत भाषेविषयी दोन प्रश्न असतात. मातृभाषा कोणती? आणि तिच्याखेरीज आणखी कोणत्या भाषा येतात? लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली, ती मातृभाषा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात फार तर दोन भाषा लिहून घेतात. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक घरांतून पहिल्या प्रश्नाला उत्तर जाते, ‘मराठी’.

हे उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. आमच्या संगमेश्वराकडच्या घरात पाण्याला ‘पानी’ आणि वेळेला ‘येळ’ म्हणतात. ग्रियर्सनसाहेबाने १९०५ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात ‘संगमेश्वरी’ची वेगळी नोंद केली आहे. किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान मित्रांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी. इंग्रजी त्यांना चौथी! २०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे आली. छाननीअंती ती १२१ भाषांत बसवली गेली. सरकारला कोष्टक करावेच लागते. पण वर्गानेही तेच कोष्टक प्रमाण मानावे काय?

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आमची पिढी बारा वर्षे इंग्रजी शिकून कॉलेजात आली. तरीही तासाला इंग्रजीत प्रश्न आला की मागच्या बाकांवरच्या माना खाली जातात. खेड्यातल्या मुलांना इंग्रजी झेपत नाही, असे म्हणून लोक मोकळे होतात. मला कारण निराळे दिसते. पहिलीत ‘पानी’ म्हटल्यावर वर्ग हसतो, तोंड उघडण्याची भीती तेव्हाच बसते. पुस्तकी मराठी ही आमची पहिली पायरी, इंग्रजी दुसरी. पहिल्या पायरीवरच ज्याला हसले गेले, तो दुसरीवर धीटपणे पाय कसा ठेवणार?

‘घरी इंग्रजी बोलत जा’ हा सल्ला नेहमी मिळतो. ज्या घरातून कॉलेजात येणारा मीच पहिला, तिथे बोलू कोणाशी? शिवाय २०११ साली इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे २ लाख ६० हजार होते. दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे सुमारे १२ कोटी ९० लाख. म्हणजे इंग्रजी येणाऱ्या जवळजवळ सर्वांनीच ती शिकून घेतलेली आहे. मग आपणच लाजावे का?

इंग्रजी हवीच. नोकरीला हवी, ग्रंथालयातल्या निम्म्या कपाटांसाठीही हवी. म्हणूनच प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की प्रश्नावर आधी आम्हाला आमच्या बोलीत बोलू द्यावे, मग तेच इंग्रजीत लिहून घ्यावे. आणि मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी वर्गावर्गांतून एक साधी पाहणी करावी: घरी काय बोलता, शाळेचे माध्यम कोणते, इंग्रजी कुठे अडते? खर्च एका वहीचा. पण मागच्या बाकावर कोण गप्प बसले आहे आणि का, हे कॉलेजला प्रथमच कळेल.