परतीचा शिक्का

वसई-विरारला परदेशाचे अप्रूप फारसे उरलेले नाही. कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाचा जावई आखातात, कुणाची बहीण कॅनडात. त्यामुळे ‘दुबईत घेतलेली मोटरसायकल सुट्टीत गावी आणता येईल का?’ आणि ‘इथली बुलेट घेऊन इराण-तुर्कस्तानमार्गे युरोप गाठता येईल का?’ हे दोन प्रश्न आपल्याकडे आता नवलाचे नाहीत. दोन्हींचे उत्तर एकच आहे. येईल; पण परत नेण्याच्या बोलीवर.

कस्टमच्या नजरेत सीमा ओलांडणारे वाहन म्हणजे आयात झालेला माल. वापरलेली परदेशी मोटरसायकल कायमची आपल्या देशात आणायची तर करच तिच्या किमतीच्या घरात जातो. चार महिने भटकून परत जाणाऱ्याकडून तो घेणे अन्यायाचे. न घ्यावा, तर गडी फटफटी इथेच विकून विमानाने पसार होणार नाही कशावरून? या पेचातून ‘कार्नेट द पासाज’ नावाची पुस्तिका निघाली. 1954 साली न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने तिला पक्का आधार दिला. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. गाडी देशात शिरताना एक भाग कस्टम ठेवून घेते, बाहेर पडताना दुसरा. तिसरा, दोन्ही शिक्क्यांसह, आपल्याजवळ राहतो. पुस्तिकेची मुदत एक वर्षाची. पण प्रत्येक देशाची मुदत वेगळी असते. भारतात अशी गाडी सहा महिन्यांत बाहेर न्यावी लागते.

वसईच्या माणसाला हे ऐकून किल्ल्याची आठवण व्हावी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या समुद्रावर ‘कार्ताझ’ची सक्ती केली होती. जहाज कुणाचे, नाखवा कोण, माल काय, जाणार कुठे, हे सारे त्या परवान्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. कार्ताझ आणि कार्नेट, दोन्ही कागदच. पण पहिल्यामागे तोफ होती आणि दुसऱ्यामागे जामीन आहे. माणसांनी चारशे वर्षांत केलेली ही प्रगती मला लहान वाटत नाही.

मात्र जामीन म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्यांना कळले पाहिजे. उमेदीची वर्षे बँकेत घालवल्यामुळे हे जरा ठासून सांगतो. आपल्याकडे कार्नेट मोटर संघटना देतात. चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन त्यांपैकी एक. विरारची लोकल पकडली की तिच्या दारापर्यंत जाता येते. पण नुसता अर्ज पुरत नाही, तारण द्यावे लागते. गाडीची किंमत आणि कोणत्या देशांतून जायचे, यावर ते ठरते. काही देशांसाठी ते गाडीच्या किमतीच्याही वर जाते. बँक गॅरंटी दिली की मागणी येताच बँकेला पैसे मोजावे लागतात; दोष कुणाचा, हे ती पाहत बसत नाही. मग ती वसूल करते ठेवीतून. आणि ठेव बहुधा वडिलांची असते.

म्हणून परतीचा शिक्का महत्त्वाचा. रात्री उशिरा नाक्यावर पोचलेला, दमलेला स्वार घाईत तो घ्यायला विसरतो. गाडी सुखरूप घरी येते, अंगणात उभी राहते. कागदावर मात्र ती अजून परदेशातच असते. मग गाडी परत आल्याचा अधिकृत दाखला मिळवण्यासाठी खेटे सुरू होतात. चोरीची गोष्ट त्याहून वाईट. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून मोटरसायकलवर निघून इंग्लंडात पोचलेल्या एका प्रवाशाची गाडी नॉटिंगहॅमच्या उद्यानातून चोरीला गेली. तिथल्या भल्या माणसांनी त्याला दुसरी मिळवून दिली. पण कस्टम इतके हळवे नसते. कार्नेटवर आणलेली गाडी चोरीला गेली, तरी पोलिसांचा कागद हाती असल्याशिवाय तिच्या कराचा प्रश्न मिटत नाही.

हा सगळा जाच सगळीकडे नाही. नेपाळला जाताना आपली गाडी सीमेवर ‘भन्सार’ भरून दिवसांच्या हिशेबाने आत जाते. युरोपातल्या बहुतेक देशांत पाहुण्याकडे कार्नेट मागत नाहीत. आपल्या सरकारनेही 2022 साली परदेशी खासगी वाहनांसाठी नियम केले. नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र जवळ हवे. कागद इंग्रजीत नसतील तर त्यांचे प्रमाणित भाषांतर हवे. आणि इथले प्रवासी किंवा माल वाहायचा नाही. अपेक्षा रास्त आहेत.

प्रश्न उरतो तो तारणाचा. एवढी रक्कम वर्षभर अडकवून ठेवणे सुखवस्तू घरालाच परवडते. काही देशांत ठेवीऐवजी विम्याचा हप्ता भरून काम भागते. आपल्या मोटर संघटना, बँका आणि विमा कंपन्या यांनी एकत्र बसून ही सोय सामान्य घरांच्या आवाक्यात आणली पाहिजे. जामीन असावा, पण तो प्रामाणिक माणसाला दारातच अडवणारा नसावा.

तोवर घरातून निघणाऱ्या मुलाला वडिलांनी हेल्मेटची आठवण करून द्यावी, आईने औषधांची. आणि दोघांनी मिळून त्या छोट्या शिक्क्याची. जग पाहून यावे. पण ज्या नाक्यातून आत गेलो तिथे दिलेला शब्द पाळूनच बाहेर पडावे. पुढच्या मुलाला दार उघडे राहते ते त्यामुळेच.