अंगावरच्या गांधी ढेकणाच्या की खरजेच्या? मलम लावण्याआधी खाट तपासा

ऊसतोडीचा हंगाम संपला की टोळ्या गावाकडे परततात. सोबत गोधड्या, पेट्या, अंथरूण-पांघरूण येते आणि त्यातून कधीकधी ढेकूणही येतो. लग्नसराईतल्या भाड्याच्या गाद्या, जुनी विकत घेतलेली खाट, वसतिगृहातून आलेली वळकटी हेही त्याचे रस्ते. पण 'आमच्या घरात ढेकूण झालेत' असे कोणी बोलत नाही. घर स्वच्छ नाही असे लोक म्हणतील, ही लाज. मग अंग खाजले की घामोळ्या, उष्णता, नाहीतर खरूज समजून उपचार सुरू होतात. खरे नुकसान इथेच होते.

ओळखायचे कसे?

ढेकूण रात्री चावतो, तेही उघड्या अंगाला. हात, मान, चेहरा, पाय. लाल गांधी उठतात, बऱ्याचदा तीन-चार एका ओळीत किंवा एकाच जागी पुंजक्याने. खरूज वेगळी. ती बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला, जांघेत होते, रात्री जास्त खाजते आणि एकमेकांच्या अंगाला अंग लागून घरभर पसरते.

तरी नुसत्या अंगावरून पक्के सांगता येत नाही. एकाच खाटेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. काहींना तर चावल्यावर काही दिवसांनी पुरळ दिसते. म्हणून पुरावा खाटेत शोधावा. बाजेच्या नवारीत, फळीच्या फटीत, गादीच्या शिवणीत बॅटरीच्या उजेडात पाहावे. काळे बारीक ठिपके, चादरीवर रक्ताचे डाग, टाकलेली पातळ कात दिसली तर चोर सापडला.

चुकीच्या उपायाची किंमत

मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवस दबते, पण खरूज किंवा नायटा असेल तर तो आतून वाढतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याच कारणाने.

दुसरा धोका त्याहून मोठा. कपाशीवर मारायचे औषध गादीवर मारणे, धान्यात ठेवायच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवणे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. बंद खोलीत तेच विष लेकरांच्या श्वासात जाते. धान्याच्या गोळीतून निघणारा वायू तर झोपेतच जीव घेतो.

करायचे काय?

ढेकूण आणि त्याची अंडी उष्णतेने मरतात. कपडे, चादरी कडक गरम पाण्यात भिजवून धुवाव्यात. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, लेकरे लांब ठेवून. नुसते ऊन दाखवून भागत नाही, ढेकूण सावलीच्या फटीत सरकतो. तो उपाशी काही महिने जगतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच करावे.

ढेकणाच्या चावण्यातून रोग पसरल्याचा पुरावा नाही. गांधी आठवड्या-दोन आठवड्यात आपोआप बसतात. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, नखे कापावीत. खाजवून पू झाला, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ओठ-डोळे सुजले किंवा धाप लागली तर तासभरही थांबू नये.

आणि शेजाऱ्याला सांगावे. ढेकूण गरीब-श्रीमंत बघत नाही. लपवलेला ढेकूण एका घरापुरता राहत नाही, तो गल्लीभर फिरतो.