शेषशायी सायकल व आमचें ताठ शहाणपण

आपल्या समाजांत एखादी वस्तु निषिद्ध ठरविण्यास शास्त्राधार लागत नाहीं. चार माणसें हंसलीं म्हणजे पुरे. गेल्या दिवाळीच्या सुटींत उमरखेडास एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही बसलों असतां या गोष्टीचा असा कांहीं प्रत्यय आला कीं, त्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवेना.

प्रसंग साधा आहे. आमच्या स्नेह्यांचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्गांत आहे. फावल्या वेळांत शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून त्यानें एक जुनी आडवी सायकल विकत घेतली व सुटींत ती घरीं आणली. इंग्रज लोक हिला 'रिकंबंट' म्हणतात. हिचा स्वार खोगिरावर बसत नाहीं. खुर्चीसारख्या आसनाला पाठ टेकून, पाय पुढें पसरून, पुढच्या चाकाच्याही पुढें असलेले पायडल मारतो. मुलानें आणलेली सायकल सावकाश फेरफटका करण्याच्या बेताची होती: आसन ताठ, हँडल रुंद, टायर जाड व खडबडीत. तिला चपळ व वेगवान करावी या हेतूनें त्यानें पंधरा दिवस रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानांत ठाण मांडलें. एके सायंकाळीं तो ती घेऊन दारांत आला, तेव्हां ओसरीवरील एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं चष्मा वर करून म्हटलें, "वा! शेषशायी भगवान् आले. आतां पाय चेपायला लक्ष्मी तेवढी आणा!" सारी ओसरी हंसली. मुलाचा चेहरा उतरला. आणि त्या हंशाच्या भरांत वडिलांनीं निकाल दिला कीं, हें धूड भंगारवाल्यास देऊन टाकावें.

शेषशायी भगवंताच्या त्याच आसनावरून विश्वाचा कारभार चालतो, असें आपलीं पुराणें सांगतात. त्याचें स्मरण त्या विद्वान् गृहस्थांस झालें नाहीं. असो. हंशास उत्तर देतां येत नाहीं, आक्षेपांस देतां येतें. त्या सायंकाळीं निघालेले आक्षेप तीन होते. ते एकट्या उमरखेडचे नव्हत. आपल्या सुशिक्षित घराघरांतून ते थोड्याफार फरकानें ऐकूं येतात. म्हणून त्यांचा येथें क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, ही मुळीं सायकलच नव्हे. आम्ही विचारतों, सायकल म्हणजे काय हें ठरविलें कोणीं? आज जी सायकल आपणांस सनातन वाटते, तिचें वय दीडशें वर्षांचेंही नाहीं. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या मापाच्या दोन चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल काढली, तेव्हां पुरुषभर उंचीच्या चाकावर बसून मिरविणाऱ्या त्या काळच्या स्वारांच्या दृष्टीनें ती खुजीच होती. पण थोड्याच वर्षांत त्यांचीं उंच चाकें अडगळींत गेलीं. १८८८ सालीं डनलॉप यानें बेलफास्ट येथें हवा भरलेला टायर केला. तोही प्रथम हास्यास्पदच ठरला. पुढच्याच वर्षीं त्या गांवच्या शर्यतींत असल्या टायरांचा स्वार सर्वांच्या पुढें निघून गेला, तेव्हां हंसणारांचीं तोंडें मिटलीं.

आडव्या सायकलीची कथा याहूनही उद्बोधक आहे. फ्रान्समध्यें शार्ल मोशे नांवाच्या कारागिरानें अशी सायकल बनविली. ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें फ्रान्सिस फोर या स्वारानें तिच्यावरून एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. फोरची गणना पहिल्या प्रतीच्या स्वारांत होत नसे. तरी ऑस्कर एग याचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरांचा उच्चांक त्यानें मोडला. यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघानें काय करावें? १९३४ सालीं त्यानें सायकलीची व्याख्याच अशी बांधली कीं, मोशेची सायकल तींत बसूं नये! फोरचा पराक्रम बाजूस सारण्यांत आला. आणि ऑगस्ट १९३३ मध्यें मॉरिस रिशार यानें उभ्या सायकलीवर तोडलेलें ४४.७७७ किलोमीटर हें अंतर, फोरच्या अंतराहून कमी असूनही, उच्चांक म्हणून वहींत चढलें. आपला घोडा मागें पडला म्हणून दुसऱ्याचा घोडा घोडाच नव्हे, असें ठरविण्यासारखा हा न्याय झाला.

संघास आपल्या खेळाचे नियम करण्याचा अधिकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आखाड्याचे नियम आखाड्यापुरते. येथें झालें असें कीं, कारखानदारांनीं शर्यतींकडे पाहून सायकली घडविल्या, गिऱ्हाइकांनीं दुकानांकडे पाहून सायकलीची कल्पना बांधली, आणि एका खेळाचा नियम साऱ्या जगाची दृष्टि होऊन बसला. निसर्गानें मात्र तो नियम वाचलेला नव्हता. त्याच फोरनें १९३९ सालीं सायकलीभोंवतीं कवच घालून एका तासांत ५० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. २०१६ सालीं अमेरिकेंतील नेव्हाडा येथें टॉड रायकर्ट या कॅनडाच्या गृहस्थानें कवचबंद आडव्या सायकलीवर, केवळ आपल्या पायांच्या बळावर, ताशीं १४४.१७ किलोमीटरांचा वेग गाठला. ओसरीवर जिला लोक हंसले ती या कुळांतली आहे.

दुसरा आक्षेप अधिक पोक्त आहे: वेग हवाच कशाला, आणि हवा असेल तर मोटारसायकल काय वाईट? उत्तर असें कीं, पेट्रोलचा वेग विकत मिळतो, व तो विकत घेणारास त्यांतलें कांहीं कळावें लागत नाहीं. पायांचा वेग मात्र कळल्याशिवाय मिळत नाहीं. सायकलस्वाराचा खरा शत्रु कोण? सपाट रस्त्यावर ताशीं वीस किलोमीटरांच्या पुढें तो शत्रु वजन नव्हे, हवा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि त्याच्याशीं झुंजण्यास लागणारी शक्ति घनानें. विसाचा वेग तीस करावयाचा तर हवेपुरती शक्ति दीडपट नव्हे, सुमारें ३.४ पट हवी. निकोप प्रकृतीचा सामान्य माणूस तासभर शंभर वॅटांच्या आसपास काम करूं शकतो. कसलेला शर्यतबाज तीन-चारशें. मग ही वाढीव शक्ति आणावी कोठून? ती आणतां येत नसेल तर हवेपुढें छाती काढून जाण्याचें सोडावें, हा शहाणपणाचा मार्ग. आडव्या सायकलीचें सारें मर्म एवढेंच आहे.

त्या मुलानें केलेले फेरफार याच मर्माला धरून होते. त्यानें आसन मागें कलतें केलें व हँडल अरुंद केलें, म्हणजे हवेला अडविणारें अंग कमी व्हावें. हा अडथळा एक-चतुर्थांशानें कमी झाला, तर केवळ हवेचा हिशेब धरतां, तेवढ्याच श्रमांत वेग सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. मग त्यानें दांत्यांकडे लक्ष दिलें. त्याच्या सायकलीचें मागचें चाक वीस इंची. त्याचा घेर सुमारें दीड मीटर. पुढें ५२ दांते व मागें १३, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यास चाकाचे चार फेरे व सहा मीटर अंतर. मिनिटास ८० फेरे मारले तरी सायकल ताशीं २९ किलोमीटरांच्या आंतच राहणार. मागें ११ दांत्यांचें चक्र बसविलें कीं त्याच ठेक्यांत तीच सायकल ताशीं ३४ किलोमीटर जाते. या सायकलीची साखळी नेहमीच्या दोन-तीन साखळ्या जोडून केल्यासारखी लांब असते, व तिला वळविण्यास मध्यें पुली लागते. जुनी पुली गुळगुळीत व घासणारी होती. तिच्या जागीं त्यानें बेअरिंगवर फिरणारी दांतेरी पुली घातली. ही सारी आंकडेमोड त्यानें एका वहीच्या मागच्या पानांवर केली होती. ती वही आम्ही पाहिली. ओसरीवरच्या दुसऱ्या कोणीं ती मागितलीही नाहीं.

येथें दुसऱ्याही एका पक्षाला दोन शब्द सांगितले पाहिजेत. वेगाचे भोक्ते म्हणविणारे कित्येक तरुण महागडे हलके सुटे भाग विकत घेऊन सायकलीचें वजन शेर-अर्धा शेर घटवितात व आपण मोठी प्रगति केली असें मानतात. सपाटीवर त्या घटीचा लाभ अत्यल्प आहे. चढावर वजन नडतें हें खरें. पण स्वार अधिक सामान सायकलीहून कितीतरी जड, हें विसरून कसें चालेल? अति बारीक व दगडासारखे कडक फुगविलेले टायरही आपल्याकडील खडबडीत डांबरावर वेग देत नाहींत. स्वाराला नुसते हादरे देतात. त्या मुलानें नक्षी नसलेले, पण बऱ्यापैकीं रुंद टायर निवडले, यांत त्याची समज दिसते. आडव्या सायकलीचे दोष झांकणेंही आम्हांस शोभणार नाहीं. चढावर पायडलावर उभें राहून अंगाचा भार टाकण्याची सोय हिच्यांत नाहीं. तेथें लहान गिअर व सबुरी हाच उपाय. यवतमाळच्या वाटेवरील चढांवर उभ्या सायकलीचा स्वार हिला खुशाल मागें टाकील.

तिसरा आक्षेप धोक्याचा. हा मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ऊंस भरलेल्या ट्रॉल्या, दिवा नसलेल्या बैलगाड्या, भरधांव ट्रक यांच्यामधून ज्याची मान इतरांच्या कमरेइतकी खालीं आहे त्यानें जावयाचें, म्हणजे आईबापांच्या पोटांत गोळा उठणारच. वेल्डिंगच्या दुकानांतील मिस्त्री मुलाला म्हणाला होता, "भाऊ, पळायचं तिला शिकवलंत, पण आधी थांबायचं शिकवा." या एका वाक्यांत ओसरीवरच्या तासाभराच्या चर्चेहून अधिक शास्त्र आहे. वेग विसाचा तीस झाला कीं ब्रेकनें जिरवावयाची गतिशक्ति सव्वादोनपट होते. म्हणून आमचें म्हणणें स्पष्ट आहे: फेरफारांचा क्रम ब्रेकपासून सुरू व्हावा, आसनापासून नव्हे. पाठ इतकी कलती नसावी कीं गुडघ्यांआड रस्ताच दिसूं नये. मागें उंच काठीला भडक निशाण, हँडलला आरसा, आणि दिवसाही पेटते दिवे असावेत. हें नसेल तर वडिलांनीं सायकल बाहेर काढूं देऊं नये. आम्ही त्यांच्याच बाजूस उभे राहूं.

पण येथेंच आम्हांस एक विचारावयाचें आहे. ज्या घरांत या सायकलीच्या ३४ किलोमीटरांचा एवढा धसका घेतला, त्याच घराच्या अंगणांत मुलाच्या अठराव्या वाढदिवसास दिलेली, ताशीं शंभर किलोमीटरांनीं सहज पळणारी मोटारसायकल उभी होती. तिच्या धोक्याविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. तेव्हां धोका हें कारण नव्हे, निमित्त होतें. खरें कारण असें कीं, मोटारसायकल दुकानांतून येते व प्रतिष्ठा आणते. ही सायकल हात काळे करून झाली होती, आणि चारचौघांत हंसें करीत होती. आम्ही मुलांस यंत्रशास्त्र शिकण्यास दूर देशीं पाठवितों, त्यासाठीं कर्ज काढतों. आणि मुलानें यंत्रास खरोखर हात लावला कीं त्याचें डोकें फिरलें असें समजतों!

असलीं खुळें मोठ्या शहरांनीं करावींत, पैनगंगेकांठच्या गांवास तीं पेलणार नाहींत, असाही एक सूर निघाला. तो या महाराष्ट्रांत तरी निघावयास नको होता. ज्या १८८८ सालीं बेलफास्टला हवेचा टायर जन्मला, त्याच सालीं बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांचें सायकलींचें दुकान निघालें. त्या दुकानाच्या मागून लोखंडी नांगर आला. लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी प्रथम त्यास शिवेनात. तरी तो टिकला, व १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या काळांतलें उदाहरण हवें असेल तर विदर्भांतलेंच देतों. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारें ४,८०० किलोमीटर, सायकलीवर एकट्यानें व ठराविक मुदतींत ओलांडली. त्याच शर्यतींत २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधु जोडीनें उतरले व यशस्वी झाले. यांच्या सायकली उभ्या होत्या. पण त्या शर्यतीनें आडव्या सायकलींनाही दार बंद केलेलें नाहीं. मोठ्या संघांनीं जें नाकारलें त्यास तेथें जागा आहे. आमच्या ओसरीवर मात्र नाहीं.

सुटी संपली व मुलगा पुण्यास परत गेला. सायकल सोबत नेण्याची परवानगी त्यास मिळाली नाहीं; ती गोठ्यांत, कडब्याच्या पेंढ्यांआड उभी आहे. आमच्या आग्रहावरून स्नेह्यांनीं भंगारवाल्यास उन्हाळ्यापर्यंत थोपविलें आहे, एवढेंच काय तें यश. त्यांस आमची प्रकट विनंती आहे. त्यांनीं आडव्या सायकलीची बाजू घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं एके दुपारीं ती वही उघडावी, आपल्या मुलाचा हिशेब पायरीपायरीनें तपासावा, आणि त्यांत चूक आढळली तर ती दाखवून द्यावी. ब्रेकला पैसे कमी पडत असतील तर ते द्यावेत. एवढें करूनही त्यांचें मत पालटलें नाहीं, तर सायकल खुशाल भंगारांत जावो. निदान ती वाचून, समजून घालविली असें होईल. नुसत्या हंशाला भिऊन घालविली, तर भंगारवाला तराजूंत लोखंड तेवढें तोलील. मुलाच्या मनांतून काय गेलें त्याचें वजन करणारा तराजू कोणाच्याच घरीं नाहीं.